ऐंशी सेकंदांचं मिनिट

आमच्या घरचा व्हिडिओचा धंदा दोन गावांत वाटलेला होता. दादाचा कॅमेरा आणि एक व्हीसीआर पूर्णेला, मामांचे दोन व्हीसीआर सेलूला. सगळी यंत्रं एका गावात आणावीत हे सगळ्यांना पटत होतं, फक्त ते गाव कुठलं यावर एकमत होत नव्हतं. दादा म्हणायचा, जिथं कॅमेरा तिथं धंदा. मामा म्हणायचे, जिथं दोन तिथं धंदा. मग मध्ये पॅसेंजर गाडी होतीच.

तेव्हा लग्नाची कॅसेट तयार करायची म्हणजे दोन यंत्रं वायरनं जोडायची. एकात शूटिंगची कॅसेट चालवायची, दुसऱ्यात कोरी घालायची आणि हवं तेवढंच उतरवून घ्यायचं. याला एडिटिंग म्हणत. दादा तो शब्द असा उच्चारायचा की समोरच्यानं खुर्ची द्यावी. प्रत्यक्षात त्याला ते काम एक तासही जमत नसे. शूटिंग करताना तो जसा मांडवभर फिरायचा तसाच एडिटिंग करतानाही घरभर फिरायचा. मामा मात्र एकदा मांडी घातली की उठायचे नाहीत. ते सेलूला एका कचेरीत कारकून होते आणि बसण्याची त्यांना सवय होती.

या दोघांच्या मध्ये मी होते. बी. ए. होऊन घरी बसले होते आणि घरी बसलेल्या मुलीला काम सांगायला कुणाला संकोच वाटत नाही. माझं काम असं: दादानं केलेलं शूटिंग पूर्णेच्या यंत्रावर बघायचं आणि काय ठेवायचं, काय काढायचं याचा कागद करायचा. यंत्राच्या तोंडावर चार आकडे फिरत. कॅसेट मागं नेऊन आकडे शून्य करायचे, मग चालवत बसायचं. हळद सुरू झाली, लिही आकडा. हळद संपली, लिही आकडा. मामांना तो कागद रकाने आखूनच लागे: अनुक्रमांक, पासून, पर्यंत, शेरा. एकदा मी शेऱ्याचा रकाना घातला नाही, तर त्यांनी सगळा कागद माघारी पाठवला होता.

वडील रेल्वेत असल्यामुळे गाडीत ओळखीचं कुणीतरी असायचंच. कॅसेट आणि कागद स्टीलच्या जेवणाच्या डब्यात घालून त्यांच्या हवाली करायचा. सेलूला मामा फलाटावर उभे असत. तीन-चार दिवसांनी त्याच डब्यातून तयार कॅसेट परत यायची आणि तिच्यासोबत मामीनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी. बऱ्याच गिऱ्हाइकांच्या कॅसेटला लसणाचा वास यायचा, पण कुणी कधी तक्रार केली नाही.

अशी दीड-दोन वर्षं बरी गेली. मग माझ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं.

ती ताडकळसची. आमची दोस्ती कॉलेजातली, विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांच्या आणि बंदच्या दिवसांतली. वर्ग थोडे आणि बंद फार, त्यामुळे आमची अर्धी पदवी एसटी स्टँडवरच्या बाकावर झाली. नामांतरावरून तिच्या गावात काय बोलत आणि आमच्या निळ्या झेंड्याच्या वस्तीत काय बोलत, ते दोघींनाही माहीत होतं. त्यावरून आम्ही एकदा कडाकडा भांडलो, आठ दिवस बोललो नाही. नवव्या दिवशी तिनं डबा उघडून माझ्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाली, "खा, न्हाईतर मी बी उपाशी राहीन." मी खाल्लं. राग आणि भूक एकाच वेळी सांभाळणं मला कधीच जमलेलं नाही.

लग्नाच्या आधी ती पूर्णेला खरेदीला आली तेव्हा आमच्याकडे आली. दादानं तिला कॅमेऱ्याचे गुण सांगायला सुरुवात केली, तर तिनं त्याला मध्येच थांबवलं.

"दादा, माझं कसंबी दिसू द्या. माझी माय तेवडी कुटंतरी दिसली पायजे."

तिचे वडील ती सातवीत असतानाच गेले होते. आईनं शेत केलं, म्हशी केल्या, दोन पोरी शिकवल्या. पण आता मुलगी उजवायची वेळ आली तर कन्यादान चुलता-चुलती करणार होते, आणि विधवा आई मांडवात येणार नव्हती. चुलता माणूस वाईट नव्हता. लग्नाचा सगळा भार त्यानं आनंदानं उचलला होता. पण रीत म्हणजे रीत. आणि खरं सांगायचं तर चुलत्याहून आईच रीतीला जास्त घट्ट होती. "माझ्या पोरीच्या संसाराला माझी सावली नगं," असं ती स्वतःच म्हणायची. त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी?

"येईल," मी म्हणाले. "तुझी माय कॅसेटमध्ये येईल. माझ्याकडं लागलं."

दादानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचा कॅमेराच हुंड्यात देऊन टाकला.

लग्न दुपारचं होतं. सकाळपासून दादानं शूटिंगचा धडाका लावला. आचारी, पातेली, मांडवाचं कापड, पत्रावळीवर नजर ठेवून असलेली एक शेळी, झोपलेला बँडवाला, त्यानं काहीही सोडलं नाही. मी मैत्रिणीच्या आईला शोधत होते. ती घराच्या मागच्या बाजूला, स्वैपाकघराच्या दारात होती. तिथून मांडवाचा एक कोपरा आणि पुष्कळशा पाठी दिसत होत्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. दोन झाली तरी दादा अंतरपाटासमोरून हलेना. तिसऱ्याला मी सरळ त्याच्या खांद्यावरून कॅमेरा उतरवून घेतला. चारचौघांत त्याला ओरडता येईना, म्हणून तो दात आवळून माझ्याकडे बघत राहिला. कॅमेऱ्यावर एक लाल दिवा असायचा, चालू असला की पेटायचा. मी कपाळावरची टिकली काढून त्याच्यावर लावली आणि मागच्या दाराशी गेले.

"बंद हाय का ते?" आईनं विचारलं.

"बंदच हाय, मावशी. बिघडलंय जरा."

मी खोटं बोलले. त्याचं तेव्हा काही वाटलं नाही, नंतर वाटलं.

ती उंबऱ्याच्या आत, मी बाहेर. तो ओलांडायचा दोघींनाही नव्हता, कारणं मात्र वेगवेगळी होती. 'सावधान' झालं तशी ती टाचा उंचावून उभी राहिली आणि मुठीतल्या अक्षता तिनं जोरात भिरकावल्या. त्या काही मुलीपर्यंत गेल्या नाहीत. एका पागोट्यावर आणि दोन-तीन पाठींवर पडल्या. मग तिनं पदर तोंडाला लावला, आणि लगेच आतल्या बाईला म्हणाली, "भाताकडं बग, खाली लागंल."

एवढंच. पण ते माझ्याकडे आलं होतं.

पूर्णेला येऊन मी कागद केला. इतका देखणा कागद मी पुन्हा कधी केला नाही. अठ्ठेचाळीस ओळी. त्यातली तेविसावी अशी: पासून २९८०, पर्यंत २९९४, शेरा: नवरीची आई. काढू नये. 'काढू नये' खाली दोन रेघा ओढल्या आणि डबा शनिवारच्या गाडीनं रवाना केला.

पुढच्या शनिवारी कॅसेट आली. रविवारी सकाळी जेवणं उरकून आम्ही ती लावली. मैत्रीण सासरहून परत माहेरी येणार होती आणि दोन दिवसांनी तिच्या दारात कॅसेट दाखवायची होती.

सुरुवातीला गणपती आला, नावं आली. मग आचारी आला. आचारी बराच वेळ राहिला. मग मांडवाचं कापड. मग शेळी. हळदीचा एक तुकडा आला, त्यात फक्त हात होते. मग पुन्हा आचारी. झोपलेला बँडवाला आला तेव्हा दादा उठून उभा राहिला. आम्ही शेवटपर्यंत बघितलं. त्या कॅसेटमध्ये लग्नच लागलं नव्हतं. नवरदेव गावात पोहोचलाच नव्हता. आई जिथं यायला हवी होती तिथं आचारी उलथन्यानं पाठ खाजवत होता.

डब्याच्या तळाशी मामांनी माझा कागदही परत पाठवला होता. प्रत्येक ओळीपुढं लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण, खाली सही आणि तारीख. तेविसाव्या ओळीच्या समासात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: '८० सेकंद म्हणजे १ मि. २० से. सबब ३० मि. २० से. असे वाचले.'

दोनदा वाचल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मामांच्या दोन यंत्रांपैकी कॅसेट चालवायचं जुनं यंत्र बिघडलं होतं आणि त्यांनी नवं घेतलं होतं, हे मामीच्या चिठ्ठीतून कळलं होतं. जुन्या यंत्रावर आमच्यासारखेच फितीचे फेरे मोजणारे नुसते आकडे फिरायचे. नव्यावर तास, मिनिटं, सेकंद दिसत असणार. मामांनी माझे २९८० म्हणजे एकोणतीस मिनिटं ऐंशी सेकंद धरले होते. ऐंशी सेकंदांचं मिनिट नसतं, हे त्यांच्या लक्षात आलं. तिथं दुसरा कुणीही थांबला असता. मामांनी वीस सेकंद ठेवले आणि मिनिट हातचा घेतला. अशा सगळ्या ओळींत त्यांनी हीच दुरुस्ती केली होती, आणि एकाही दुरुस्तीत बेरीज चुकली नव्हती. समोर पडद्यावर आचारी पाठ खाजवतोय हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण कागदावर 'काढू नये' होतं.

"हसायलीस काय?" दादा ओरडला. "पुन्हा काढू की. शूटिंगची कॅसेट हाय मामाकडं."

तेव्हा माझं हसणं थांबलं. मामांकडे एक दस्तूर होता. कागदावर सगळ्या खुणा झाल्या, सही झाली, की काम निकाली. आणि निकाली निघालेली शूटिंगची कॅसेट मामीची. त्यावर मामी टीव्हीवरचा रविवारचा सिनेमा उतरवून घ्यायची आणि आठवडाभर गल्लीतल्या बायकांना दाखवायची.

आणि आज रविवार होता.

मामांना फोन करायचा तर तो फक्त कचेरीत. कचेरी बंद. दुपारची पॅसेंजर गाठली आणि मी एकटीच निघाले. दादा म्हणाला, त्याला एक साखरपुडा आहे. संकटाच्या वेळी दादाला नेहमीच एखादा साखरपुडा असायचा. गाडी प्रत्येक स्टेशनावर घरच्यासारखी थांबत होती. परभणीला तर इंजिन पाणी प्यायला थांबलं आणि माणसं चहा प्यायला उतरली. मला त्या सगळ्यांचा राग आला होता. मी शब्द देऊन बसले होते, आणि माझा शब्द सेलूत एका यंत्राच्या पोटात होता. ती माउली पुन्हा कधी अशी टाचा उंचावून उभी राहणार नव्हती. धाकटीचं लग्न व्हायला अजून वर्षं होती, आणि तेव्हाही ती मागच्याच दारात असणार होती.

सेलूला उतरून पळत सुटले. मामांच्या घराबाहेर चपलांचा खच. सिनेमा लागला होता. आत पंधरा-वीस बायका आणि मधोमध मामी, यंत्रावर लाल दिवा, म्हणजे उतरवणं चालू. मी कुणाच्या पायावर, कुणाच्या लुगड्यावर पाय देत पुढं गेले आणि बटण दाबलं. नायक खलनायकाच्या मागं धावत होता तो तसाच पुढं धावत राहिला, पण यंत्र थांबलं.

"अगं बाई, डोस्कं फिरलं का?" मामी म्हणाली. "आता तर कुटं मारामारी लागली व्हती."

"मामी, कॅसेट कुठून लावली? मागं नेली होती का?"

"मागं कामून नेऊ? फीत झिजती म्हणत्यात तुजे मामा. होती तिथूनच लावली."

यंत्रावर एक तास दहा मिनिटं दिसत होती. मामांचं काम पन्नासाव्या मिनिटाला संपलं होतं. तिथून पुढची वीस मिनिटं सिनेमानं खाल्ली होती. तिसरं मंगलाष्टक गेलं की राहिलं ते मला ठाऊक नव्हतं. मी बायकांच्या देखत कॅसेट पुढं चालवली. पागोटी दिसली, अंतरपाट दिसला, पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. मी तिथंच फरशीवर बसले आणि रडले. मामीला वाटलं, मला सिनेमा बंद पडल्याचं वाईट वाटतंय, आणि तिचा राग जरा निवळला.

गेलं ते नवरदेवाचं आगमन. वेशीपासून मांडवापर्यंतची त्याची वरात, घोडा, नाच, सगळं. त्या जागी मारामारी होती. नवरदेवाच्या मित्रांनी पुढं किती वर्षं दादाला त्यावरून छळलं, ते दादाच सांगेल.

मामांना मी यंत्राचा घोळ समजावून सांगितला. त्यांनी बोटांवर पुन्हा हिशेब केला. मग म्हणाले, "कागदात चूक न्हाई. माझ्या वाचण्यात बी न्हाई. मग चूक कुटं हाय?"

"मामा, तुम्ही पडद्याकडं बघायचं होतं."

"बगितलं की. मला वाटलं, आजकाल अशीच फॅशन हाय."

दुसऱ्या दिवशी मामांनी रजा टाकली. सकाळी आम्ही दोघं शेजारी बसलो. ते यंत्रांपाशी आणि मी बोलणार: घ्या, थांबा, घ्या, थांबा. कागदाशिवाय काम करताना मामांच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. शेवटी त्यांनी स्वतःच एक कागद आखला आणि प्रत्येक तुकडा घेऊन झाल्यावर त्याची नोंद करू लागले. तिसरं मंगलाष्टक आलं. आई टाचा उंचावून उभी राहिली. अक्षता गेल्या. पदर तोंडाशी गेला. मी 'थांबा' म्हणायचं विसरले. मामांचं बोट बटणावर होतं, पण त्यांनीही दाबलं नाही. भाताचं बोलणंसुद्धा कॅसेटमध्ये गेलं.

"शेरा काय लिहू?" मामांनी विचारलं.

"नवरीची आई."

त्यांनी ते लिहिलं आणि खाली स्वतःच दोन रेघा ओढल्या.

ताडकळसला तिसऱ्या प्रहरी, त्यांच्या ओसरीवर टीव्ही मांडला. दादा आला होता. धोका टळला की तो यायचाच. पुढं सतरंज्यांवर पावणेरावळे, त्यांच्यापुढं खुर्चीवर चुलता, आणि पार मागं, आतल्या दाराला टेकून आई. तिच्या डोळ्यांपुढं पुन्हा सगळ्या पाठीच. मैत्रीण भिंतीशी माझ्याजवळ बसली होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

लग्न सुरू झालं. वरातीच्या ठिकाणी एकदम नवरदेव पाटावरच दिसला, त्यावरून कुजबुज झाली. दादा म्हणाला, हे एडिटिंग आहे. पहिलं मंगलाष्टक, दुसरं. तिसऱ्याला दार दिसलं आणि दारात आई.

मैत्रिणीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पुढं कुणीतरी म्हणालं, "अरे, ह्या तर वैनी हायत." सगळ्या माना मागं वळल्या. आई कावरीबावरी झाली. तिनं माझ्याकडे बघितलं.

"बंद हाय म्हणली व्हतीस."

"चुकलं, मावशी."

"लबाड," ती म्हणाली, आणि आत जायला उठली. "दूध ठिवलंय चुलीवर."

"माय, बस," मैत्रीण म्हणाली. ती उठली, सरळ पुढं गेली आणि टीव्ही ठेवलेलं टेबल दोन्ही हातांनी धरून मागं ओढायला लागली. "वायर! वायर!" दादा ओरडला. मी यंत्र उचलून छातीशी धरलं आणि तिच्याबरोबर सरकले. टेबल भिंतीला घासत सगळ्यांच्या कडेनं पार मागं आलं आणि टीव्हीचं तोंड थेट आतल्या दाराकडे झालं. पुढं बसलेल्यांना आता टीव्हीची नुसती पाठ दिसत होती. ते थोडा वेळ तसेच बसले. मग एकेक जण उठला आणि सतरंजीसकट आईच्या मागं, आतल्या खोलीत जायला लागला.

मैत्रिणीनं कॅसेट मागं नेऊन तिसरं मंगलाष्टक पुन्हा लावलं. आई दारातच खाली बसली, आपल्याच अक्षता पाठींवर पडताना बघत. पुढं अंतरपाट बाजूला झाला, लेकीचा चेहरा दिसला, तेव्हा तिनं हात गुडघ्यांवर ठेवले आणि ते तसेच राहिले.

चुलता खुर्ची घेऊन सगळ्यात शेवटी आला. जागा उरली नव्हती. तो मागं उभा राहून इकडून तिकडून मान काढत होता.

"वैनी," तो म्हणाला, "जरा सरकता का? हितून काय दिसंना."

आईनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"बसा की भाऊजी. दिसतंय तितूनबी. मी तितूनच बगितलं लगीन."

चुलत्यानं खुर्ची तिथंच टेकवली आणि तो बसला.